रात्री अडीचचा अलर्ट कोण वाचणार?

प्रश्न : आमच्या कंपनीत सुमारे १८० कर्मचारी आहेत आणि संगणक विभागात मी व माझा एक सहकारी असे दोघेच आहोत. ईमेल आणि बऱ्याचशा फाइली मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहेत, लेखा प्रणाली आणि जुना फाइल सर्व्हर मात्र आमच्याच इमारतीत आहेत. आमच्या एका पुरवठादाराकडे गेल्या वर्षी रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरले, तेव्हापासून सुरक्षा-देखरेखीचे सॉफ्टवेअर घ्यायचे असे संचालक मंडळाने ठरवले आहे. माझ्यासमोर तीन प्रस्ताव आहेत. पहिला एका मोठ्या एसआयईएमचा (सगळ्या यंत्रांच्या नोंदी म्हणजे लॉग एकत्र करून अलर्ट देणारी प्रणाली), दुसरा ईडीआर (प्रत्येक संगणकावर बसून हल्ला ओळखणारे आणि रोखणारे सॉफ्टवेअर) आणि सोबत विक्रेत्याच्या चोवीस तास देखरेखीचा, आणि तिसरा म्हणजे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आपणच बसवून चालवावे हा सहकाऱ्याचा आग्रह. मी वैशिष्ट्यांचा ६४ ओळींचा तुलनातक्ता केला, पण तिन्ही रकान्यांत जवळजवळ सगळीकडे 'होय' आले. निवड कशी करावी? कार्यकारी संचालकांना पहिल्या प्रस्तावातला मोठ्या पडद्यावरचा डॅशबोर्ड फार आवडला आहे, त्यांना काय सांगावे?

उत्तर : आपल्या तक्त्यात सगळीकडे 'होय' आले यात आपल्या मेहनतीचा दोष नाही. 'हे आपल्या सॉफ्टवेअरला जमते का?' असे विचारल्यावर कोणताही विक्रेता 'नाही' म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा तो खोटेही बोलत नसतो, कारण पुरेशी माणसे, पुरेसा वेळ आणि पुरेसा पैसा ओतल्यास यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला जवळपास सगळेच जमते. आपल्याला कळायला हवे ते वेगळे आहे : शनिवारी रात्री अडीच वाजता आलेला अलर्ट नेमका कोण वाचणार, तो वाचून त्याला काय समजणार आणि त्यावर काय करण्याचा अधिकार त्याच्याकडे असणार. या एका प्रश्नावर तिन्ही प्रस्ताव घासून पाहिले तर तक्त्यात न दिसलेला फरक दिसू लागतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपण दुसरा प्रस्ताव आधी घ्यावा, पण करारातील काही वाक्ये बदलून घ्यावीत; सोबत मोजक्या नोंदी जपून ठेवण्याची साधी सोय करावी; आणि पहिला प्रस्ताव सध्या बाजूला ठेवावा. असे का म्हणतो ते एका घटनेवरून पाहू.

समजा, लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याने ईमेलमधले देयक म्हणून आलेले जोडपत्र उघडले. त्या जोडपत्राने पार्श्वभूमीवर पॉवरशेल हे विंडोजमधले आज्ञा चालवण्याचे साधन सुरू केले आणि त्याला वाचता न येणारी, संकेतबद्ध केलेली एक लांबलचक आज्ञा दिली. पॉवरशेलने बाहेरच्या एका सर्व्हरशी संपर्क साधून पुढचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्या प्रोग्रॅमने विंडोजमध्ये जी प्रक्रिया लॉगिनचे तपशील स्मृतीत बाळगते, त्या एलएसएएसएसची स्मृती वाचली आणि त्यात कधीतरी दुरुस्तीसाठी त्या संगणकावर लॉगिन केलेल्या ॲडमिनचा तपशील सापडला. रात्री अडीच वाजता त्याच ॲडमिनच्या नावाने फाइल सर्व्हरवर प्रवेश झाला, व्हीएसएसॲडमिन या विंडोजच्याच आज्ञेने फाइलींच्या राखून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसल्या गेल्या आणि मग फाइली कुलूपबंद होऊ लागल्या. या साखळीत कुठेही फार मोठी हुशारी नाही. रॅन्समवेअरच्या कितीतरी घटना थोड्याफार फरकाने अशाच घडतात.

हीच साखळी ईडीआरला कशी दिसते? ईडीआरचा एजंट, म्हणजे त्याचा छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक संगणकावर बसलेला असतो आणि कोणत्या प्रक्रियेने कोणती प्रक्रिया जन्माला घातली याची वंशावळ तो ठेवतो. कागदपत्राच्या पोटी पॉवरशेल जन्मणे हे त्याच्या दृष्टीने जवळजवळ नेहमीच संशयास्पद असते, एलएसएएसएसची स्मृती वाचणे त्याहून अधिक. महत्त्वाचे म्हणजे तो नुसते पाहत नाही, ती प्रक्रिया मारू शकतो आणि तो संगणक नेटवर्कपासून तोडूही शकतो. म्हणजे साखळी दुसऱ्या-तिसऱ्या कडीपाशीच तुटण्याची शक्यता असते.

एसआयईएमचे तसे नसते. ते स्वतः काही पाहत नाही. इतरांनी पाठवलेल्या नोंदी गोळा करते, त्यांची एकमेकींशी सांगड घालते आणि नियमांत बसेल तिथे अलर्ट देते. फाइल सर्व्हरने आपल्या नोंदी पाठवल्या असतील तर रात्री अडीचचे लॉगिन त्याला विंडोजच्या ४६२४ क्रमांकाच्या नोंदीतून कळेल. पण पॉवरशेल कोणी सुरू केले हे कळण्यासाठी ४६८८ क्रमांकाची नोंद लागते, ती विंडोजमध्ये आपोआप चालू नसते, आणि ती चालू केली तरी प्रत्यक्ष दिलेली आज्ञा त्या नोंदीत यावी म्हणून आणखी एक वेगळी सेटिंग करावी लागते. डेमोमध्ये हे सगळे विक्रेत्याने आधीच करून आणलेले असते. आपल्याकडे ते आपल्याला करायचे आहे, १८० संगणकांवर, आणि एखाद्या अपडेटनंतर ते बंद पडले नाही ना हेही आपल्यालाच पाहायचे आहे.

एवढे वाचून ईडीआर घेतले की झाले, असे वाटेल. तसे नाही. हल्लेखोराने संगणकाला हातच न लावता कर्मचाऱ्याचा ईमेलचा पासवर्ड किंवा चालू सेशन चोरले आणि दूरवरून मेलबॉक्स उघडला, तर आपल्या एकाही संगणकावर कोणतीही प्रक्रिया सुरू होत नाही, त्यामुळे ईडीआरला त्याचा पत्ताच लागत नाही. असा माणूस मेलबॉक्समध्ये बहुधा एक छोटा नियम करून ठेवतो : 'देयक' किंवा 'बँक' हा शब्द असलेले मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. मग तो योग्य वेळी पुरवठादाराच्या नावाने बदललेला खातेक्रमांक पाठवतो. हे दिसते ते फक्त लॉगिन तपासणाऱ्या ओळख-प्रणालीच्या आणि मेलच्या ऑडिट नोंदींत. म्हणून दुसऱ्या प्रस्तावाच्या विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न असा असेल की त्यांची देखरेख फक्त एजंटपुरती आहे, की मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या लॉगिन आणि मेल नोंदीही त्यांची माणसे पाहतात? उत्तर 'त्या नोंदी घेता येतात' असे आले तर ते 'पाहत नाही' असे समजावे.

ओळख-नोंदींचे मोल समजायला २०२० ची सोलरविंड्सची घटना पुरेशी आहे. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घातक भाग मिसळला होता आणि ती अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचली होती, त्यांत मोठमोठी सरकारी खाती आणि सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपन्या होत्या. डिसेंबरमध्ये ती उघडकीस आणली फायरआय या सुरक्षा कंपनीने, आणि धागा सापडला तो अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीतून : एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुहेरी पडताळणीसाठी आणखी एक फोन जोडला गेल्याचे दिसले आणि कोणीतरी ते सोडून न देता त्या कर्मचाऱ्याकडे चौकशी केली. फोन त्याचा नव्हता. सॉफ्टवेअरने नोंद दाखवली हे खरे, पण उचलून विचारले ते माणसाने.

एनडीआर म्हणजे नेटवर्कवरील वाहतूक पाहणारी साधने आपल्या प्रस्तावांत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने त्यांना मजकूर दिसत नाही, कोण कोणाशी किती वेळ आणि किती बोलले एवढेच दिसते. तरीही ज्यांवर एजंट बसत नाही अशी यंत्रे, कॅमेरे आणि प्रिंटर खूप असतील तर ती उपयोगी पडतात. एक्सडीआर, म्हणजे ढोबळपणे अनेक ठिकाणची देखरेख एकत्र करणारे ईडीआर, हा शब्द प्रत्येक विक्रेता आपल्याला हव्या त्या अर्थाने वापरतो. या क्षेत्रात आद्याक्षरांचे पीक बारमाही आहे, त्यात फार अडकू नये.

आता अलर्टच्या हिशेबाकडे येतो, कारण बहुतेक खरेदी इथेच फसते. आपल्या आकाराच्या कंपनीत फायरवॉल, सर्व्हर, संगणक आणि मेल मिळून दिवसाला एक कोटी नोंदी होणे अशक्य नाही. समजा एसआयईएमचे नियम इतके चांगले आहेत की एक लाख नोंदींमागे एकदाच चुकतात. तरीही दिवसाला १०० खोटे अलर्ट झाले. एक अलर्ट उघडून, संबंधित माणसाला विचारून, तो खोटा असल्याची खात्री करायला दहा मिनिटे धरली तर १,००० मिनिटे लागतील. आपण दोघे दिवसाचे आठ-आठ तास दुसरे काहीही न करता बसलात तर आपल्याकडे ९६० मिनिटे आहेत. या हिशेबात खऱ्या हल्ल्याचा एकही अलर्ट अजून आलेला नाही, प्रिंटर बंद पडलेला नाही आणि कोणाचा पासवर्ड विसरलेला नाही.

अशा स्थितीत माणसे काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे : महिनाभराने ती अलर्टकडे पाहणे सोडतात. २०१३ च्या अखेरीस टार्गेट या अमेरिकेतील मोठ्या दुकान-साखळीतून सुमारे चार कोटी कार्डांचे तपशील चोरले गेले, तेव्हा त्यांच्याकडे देखरेखीची महागडी यंत्रणा होती आणि तिने घातक प्रोग्रॅमचे अलर्ट दिलेही होते; त्यावर वेळेत कारवाई झाली नाही. मी स्वतः एका कंपनीत तपासणीला गेलो असता सगळे गंभीर अलर्ट रीतसर ईमेलने जात असल्याचे मला अभिमानाने दाखवण्यात आले. ज्या पत्त्यावर ते जात होते, तो कर्मचारी सात महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता.

चोवीस तास देखरेखीचे गणितही एकदा मांडून ठेवा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कामाचे तास ४० धरले तर एका वेळी एकच माणूस बसवायलाही चारहून अधिक माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर पाच-सहा. दोघांच्या विभागाला हे जमणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. हे काम आपण विकत घ्यावे, असे मी म्हणतो ते यासाठी. या सेवेला एमडीआर म्हणतात आणि आपल्या दुसऱ्या प्रस्तावातली चोवीस तास देखरेख म्हणजे तीच.

पण एमडीआरच्या करारातील क्रियापदे नीट वाचा. 'कळवू', 'शिफारस करू', 'मार्गदर्शन करू' ही क्रियापदे असतील तर रात्री अडीच वाजता आपल्याला फोन येईल आणि संगणक तोडण्याचे काम अंथरुणातून उठून आपल्यालाच करावे लागेल. 'तोडू', 'थांबवू', 'खाते गोठवू' ही क्रियापदे असतील तर ते काम त्यांची माणसे करतील. आपल्याला दुसऱ्या प्रकारचा करार हवा. त्यासाठी कोणत्या संगणकांना ते न विचारता तोडू शकतात आणि कोणत्या सर्व्हरसाठी आधी फोन करायचा याची यादी आपण त्यांना लेखी द्यायला हवी, आणि त्या यादीवर संचालकांची सही हवी. लेखा सर्व्हर महिनाअखेरीच्या रात्री बंद झाला तर ओरडा आपल्यावर होणार आहे, म्हणून ही सही आधी घ्या. 'प्रतिसाद १५ मिनिटांत' असे लिहिले असेल तर ती १५ मिनिटे कुठपासून मोजतात आणि प्रतिसाद म्हणजे यंत्राने आपोआप पाठवलेला मेल की माणसाचे लक्ष, हेही त्याच वाक्यात लिहून घ्या.

पहिल्या प्रस्तावाबद्दल माझे मत वाईट नाही. स्प्लंक, मायक्रोसॉफ्ट सेंटिनेल, इलॅस्टिक ही साधने ताकदीची आहेत, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे विश्लेषक आहेत त्यांच्या हातात ती चमत्कार करतात. स्प्लंकची शोधभाषा शिकलेला माणूस कोट्यवधी नोंदींतून मिनिटांत धागा काढतो; सेंटिनेलमध्ये त्यासाठी केक्यूएल ही भाषा शिकावी लागते, आणि आपले बरेच काम मायक्रोसॉफ्टवर असल्याने ऑफिस ३६५ च्या ऑडिट नोंदी त्यात विनामूल्य घेता येतात ही त्याची जमेची बाजू. अडचण आहे ती किमतीच्या पद्धतीत. दिवसाला किती गिगाबाइट नोंदी आत घेतल्या यावर पैसे ही या बाजारातली जुनी रीत. वरच्या एक कोटी नोंदी सरासरी ५०० बाइटच्या धरल्या तर दिवसाला ५ गिगाबाइट आणि वर्षाला सुमारे १.८ टेराबाइट होतात, आणि डीएनएसच्या (कोणत्या यंत्राने कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला याच्या) नोंदी किंवा पॉवरशेलच्या सविस्तर नोंदी चालू केल्या की हा आकडा पाहता पाहता फुगतो. मग बिल आले की पहिल्यांदा बंद केल्या जातात त्या नेमक्या याच नोंदी, ज्या चौकशीच्या वेळी सर्वांत जास्त लागतात. हे मी एकाहून अधिक ठिकाणी होताना पाहिले आहे.

तरीही नोंदी जपायला हव्यातच, आणि त्या किती काळ हा प्रश्न बहुतेक कोटेशनांत बारीक अक्षरांत असतो. मँडियंट या चौकशी करणाऱ्या कंपनीच्या वार्षिक अहवालांनुसार हल्लेखोर आत शिरल्यापासून सापडेपर्यंतचा मध्यक काळ २०११ मध्ये ४१६ दिवस होता, तो २०२३ मध्ये १० दिवसांवर आला. ही घट दिलासा देणारी आहे, पण ती अर्धवट वाचू नये. रॅन्समवेअरवाले स्वतःच खंडणी मागायला पुढे येतात, तो 'सापडण्या'चाच एक प्रकार धरला जातो. जे लपून राहू इच्छितात ते अजूनही महिनोन्महिने राहतात; सोलरविंड्सच्या घातक अपडेट २०२० च्या मार्चपासून जात होत्या आणि प्रकरण डिसेंबरमध्ये कळले. ३० दिवसांच्या नोंदी ठेवणाऱ्याला त्या घटनेत काहीच सापडले नसते. कार्ड-व्यवहारांसाठीचे पीसीआय डीएसएस हे मानक किमान एक वर्ष नोंदी ठेवायला आणि त्यांतील शेवटचे तीन महिने लगेच पाहता येतील असे ठेवायला सांगते. ते आपल्याला लागू नसले तरी मोजपट्टी म्हणून चांगले आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ आपल्या ऑडिट नोंदी सर्वसाधारण लायसन्सवर १८० दिवस ठेवते, त्यामुळे तिथे निम्मे काम झालेलेच आहे. फायरवॉल, फाइल सर्व्हर आणि ॲडमिन खात्यांच्या नोंदी आपण वेगळ्या जागी वर्षभर ठेवल्यात की पुरे, आणि ती जागा अशी हवी की फाइल सर्व्हरचा ॲडमिन तिथले काही पुसू शकणार नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळवून घ्या. एका चौकशीत दोन सर्व्हरच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक निघाला आणि आम्ही अर्धा दिवस परिणामाला कारण समजत बसलो होतो.

इथे आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे उपयोगी पडते. वाझू हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ओसेक या जुन्या साधनातून २०१५ मध्ये वेगळे झाले आणि आज ते नोंदी गोळा करणे, फाइलींतील बदल टिपणे, असुरक्षित आवृत्त्या शोधणे अशी कामे बऱ्यापैकी करते. नेटवर्कसाठी सुरिकाटा आणि झीक ही तर अनेक महागड्या उत्पादनांच्या पोटात सापडणारी साधने आहेत. लायसन्सला पैसे नाहीत, मात्र सर्व्हर, साठवण, नियमांची छाटणी आणि दर आवृत्तीचे अपग्रेड हे सगळे सहकाऱ्याच्या वेळेतून जाणार, आणि तो सुट्टीवर गेला की यंत्रणाही सुट्टीवर जाणार. म्हणून मुख्य पहारेकरी म्हणून नको, पण वर सांगितलेल्या वर्षभराच्या नोंदी सांभाळायला ते जरूर बसवू द्या. उत्साही माणसाला नुसते 'नाही' म्हणण्यापेक्षा मर्यादित काम सोपवलेले बरे, आणि चौकशीची वेळ आली तर नोंदी वाचता येणारा एक माणूस घरातच तयार असेल.

विकत घेण्याआधी आपल्याकडे आधीच काय आहे ते पाहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे आपले लायसन्स बिझनेस प्रीमियम असेल तर त्यात डिफेंडर फॉर बिझनेस हे ईडीआर अंतर्भूत असते. ते ३०० वापरकर्त्यांपर्यंतच्या व्यवसायांसाठी आहे, म्हणजे आपण त्यात बसता. तसे असल्यास दुसऱ्या विक्रेत्याला विचारा की त्याच ईडीआरवर ते आपली देखरेख सेवा देतील का. काही देतात. मग लायसन्सचा दुहेरी खर्च वाचतो. सर्व्हरसाठी मात्र वेगळे लायसन्स लागते, ते विसरू नका, कारण वरच्या घटनेतले खरे नुकसान सर्व्हरवरच झाले.

विक्रेते आपल्याला चाचणी-अहवालही दाखवतील, विशेषतः माइटर या संस्थेच्या ॲटॅक या, हल्लेखोरांच्या पद्धतींची यादी असलेल्या, चौकटीवर आधारलेल्या चाचण्यांचे. २०१८ पासून होत असलेल्या या चाचण्या मोलाच्या आहेत, कारण त्यांत एखाद्या खऱ्या टोळीच्या पद्धती पायरीपायरीने वठवून प्रत्येक पायरीवर कोणाला काय दिसले ते प्रसिद्ध केले जाते. पण माइटर कोणालाही क्रमांक देत नाही, विजेता जाहीर करत नाही. 'शंभर टक्के' हा आकडा विक्रेत्याच्या जाहिरात विभागाने काढलेला असतो. खोट्या अलर्टचे मोजमापही त्यात अगदी अलीकडे, २०२४ च्या फेरीत आले. अहवाल वाचायचाच असेल तर एकूण टक्केवारी सोडून फक्त तीन पायऱ्या पाहा : लॉगिनचे तपशील चोरणे, एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणे आणि जुन्या प्रती पुसणे. आपल्या घटनेतल्या याच तीन कड्या आहेत. तिथे अलर्ट आला की नुसती नोंद झाली, एवढे तपासा.

त्याहून चांगली परीक्षा आपण स्वतः घेऊ शकता. विक्रेत्याकडून ३० दिवसांची चाचणी मागून घ्या आणि ती त्याच्या डेमो-संगणकांवर न घेता आपल्या खऱ्या २० संगणकांवर आणि एका सर्व्हरवर घ्या. पहिले दोन आठवडे काहीच करू नका, फक्त रोज किती खोटे अलर्ट येतात ते वहीत लिहा. लेखा विभागाचे महिनाअखेरीचे काम या काळात येईल असे पाहा, कारण त्या दिवशी विचित्र वाटणाऱ्या पण निर्दोष गोष्टी खूप घडतात. मग संचालकांची लेखी परवानगी घेऊन, विक्रेत्याला वेळ न सांगता, काही खोड्या करा. शनिवारी रात्री एक नवे खाते तयार करून त्याला ॲडमिन गटात टाका. एका खात्यावर २० वेळा चुकीचा पासवर्ड देऊन एकविसाव्या वेळी बरोबर द्या. चाचणी-संगणकावरचा सुरक्षा लॉग पुसून टाका. विंडोज त्याची ११०२ क्रमांकाची नोंद करते, ती कोणी पाहिली का ते कळेल. एका मेलबॉक्सवर बाहेर मेल पाठवणारा नियम लावा. ॲटॉमिक रेड टीम हा मुक्त-स्रोत चाचण्यांचा संच आहे, त्यातून पॉवरशेलच्या दोन-तीन चाचण्या एखाद्या फेकण्याजोग्या संगणकावर चालवा. आयकार ही निरुपद्रवी चाचणी-फाइल मात्र पुरेशी समजू नका. ती कोणतेही साधे अँटीव्हायरस पकडते.

शेवटची खोडी सर्वांत साधी आणि माझी सर्वांत आवडती आहे. फायरवॉलकडून येणाऱ्या नोंदी गुपचूप बंद करा. नोंदी आल्या नाहीत तर अलर्टही येत नाहीत आणि पडदा छान हिरवा राहतो. 'अमुक स्रोत सहा तास गप्प आहे' असे सांगणारा फोन कोणत्या विक्रेत्याकडून येतो ते पाहा. प्रत्येक खोडीसमोर तीन वेळा लिहा : आपण केली ती वेळ, पडद्यावर दिसली ती वेळ, आणि माणसाने फोन केला ती वेळ. फोनवरच्या माणसाने काय सांगितले हेही शब्दशः लिहा. 'उच्च तीव्रतेचा अलर्ट आला आहे, कृपया तपासा' असे सांगणारा आणि 'अमुक संगणकावर अमुक खात्याने नवा ॲडमिन केला आहे, आम्ही ते खाते गोठवले आहे, हे आपणच केले का?' असे विचारणारा यांच्या कोटेशनमध्ये कदाचित फारसा फरक नसेल.

दोन जोखमी करार करण्याआधी बोलून घ्याव्यात. ईडीआरचा एजंट विंडोजच्या गाभ्याशी बसलेला असतो, म्हणून त्याची चूकही गाभ्यात होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या ईडीआर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली आणि त्यांतली कित्येक हाताने दुरुस्त करावी लागली. यावरून एजंट नकोच असा निष्कर्ष काढू नका. अपडेट आधी पाच-दहा संगणकांवर आणि मग सर्वत्र, अशी टप्प्याटप्प्याने लावता येते का, आणि हे नियमांच्या रोजच्या अपडेटलाही लागू आहे का, एवढे विचारा. त्या दिवशी यंत्रे पडली ती अशाच अपडेटमुळे. दुसरी जोखीम विक्रेता बदलण्याची आहे. २०२४ या एकाच वर्षात सिस्कोने स्प्लंक विकत घेतली, लॉगरिदम आणि एक्झाबीम या एसआयईएम कंपन्या एकत्र झाल्या आणि आयबीएमने क्यूरेडार या आपल्या एसआयईएमचा क्लाउडवरचा व्यवसाय पालो आल्टो नेटवर्क्सला दिला. त्यामुळे तीन वर्षांचा करार करण्याआधी नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील ते लिहून घ्या, आणि स्वतःचे नियम लिहिलेत तर ते सिग्मा या सामाईक स्वरूपात ठेवा, म्हणजे ते एका साधनातून दुसऱ्यात नेता येतात.

राहता राहिले आपले कार्यकारी संचालक आणि त्यांचा मोठा पडदा. त्यांच्याशी वाद घालू नका. डॅशबोर्ड आवडणे स्वाभाविक आहे, जगाच्या नकाशावर लाल रेषा धावताना दिसल्या की पैसे कामी आल्यासारखे वाटते. त्यांना दर महिन्याला एका कागदावर चार आकडे देऊ करा : एकूण यंत्रांपैकी किती यंत्रांवर एजंट चालू आहे, किती अलर्ट माणसाने पाहिले आणि सरासरी किती मिनिटांत, किती नोंद-स्रोत एक दिवसाहून अधिक गप्प होते, आणि शेवटची खोडी कोणत्या तारखेला केली. शिवाय चाचणीच्या महिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही विक्रेत्यांना संपर्काची जी यादी द्याल, तीत तिसरा क्रमांक कार्यकारी संचालकांचा स्वतःचा टाका. शनिवारच्या त्या रात्री आपण आणि सहकारी दोघांनीही मुद्दाम फोन उचलू नका. कोणत्या विक्रेत्याने अडीच वाजता त्यांना उठवले आणि कोणाचा अलर्ट सोमवारी सकाळपर्यंत पडद्यावर नुसता लुकलुकत राहिला, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत तेच सांगतील.